पितळेचं पातेलं आणि जस्ताची गोळी: तांबं-जस्ताचा मेळ कसा राखावा

"केस लै गळायलेत काका, हे द्या की," असं म्हणत कॉलेजची मुलगी मोबाइल काउंटरवर सरकवते. स्क्रीनवर ५० मिलिग्रॅम झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, गोळ्यांची बाटली असते. बेळगावात शहापूरला माझं औषधाचं दुकान आहे, आणि गेल्या चार-पाच वर्षांत असं गिऱ्हाईक आठवड्याला दोन-तीन तरी येतंच. कुणाला केसांसाठी हवं असतं, कुणाला मुरुमांसाठी, कुणाला ताकदीसाठी. "किती दिवस घेणार?" असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. जस्ताच्या गोळीबद्दल हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना वाटेत तांबं येतंच. म्हणून दोघांबद्दल एकत्र लिहितोय. ज्यांनी यापूर्वी या विषयाकडे कधी पाहिलेलं नाही, त्यांनी क्रमाने वाचावं.

आधी दोघांचं नातं

मोठ्या माणसाच्या शरीरात जस्त सुमारे दोन ग्रॅम असतं. तांबं त्याच्या विसाव्या हिश्शाएवढं, म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. जस्त वाढीला लागतं, जखम भरायला लागतं, जिभेला चव कळायला आणि रोगाशी लढायला लागतं. तांबं लोखंडाला रक्तात कामाला लावतं, मज्जातंतूंवरचं आवरण टिकवतं, केसांना आणि कातडीला रंग देतं. दोन्ही हवीतच.

अडचण आतड्यात होते. जस्त भरपूर आलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एक प्रथिन जास्त बनवायला लागतात, त्याचं नाव मेटॅलोथायोनिन. हे प्रथिन जस्तामुळे तयार होतं, पण धरून ठेवतं तांब्याला, आणि तेही जस्तापेक्षा घट्ट. जस्तासाठी मांडलेल्या पाटावर तांबं येऊन बसतं आणि उठतच नाही. त्या पेशी थोड्याच दिवसांत झडतात आणि अडकलेलं तांबं शौचावाटे निघून जातं. जेवणात तांबं असूनही रक्तापर्यंत पोचत नाही.

हाच गुण औषध म्हणूनही वापरतात. विल्सन नावाच्या आजारात तांबं यकृतात आणि मेंदूत साठत जातं. तिथे डॉक्टर मुद्दाम जस्त देतात, तांबं आत जाऊ नये म्हणून. ज्या गोळीने डॉक्टर जाणूनबुजून तांबं अडवतात, तीच गोळी आपण केसांसाठी वर्षभर खाल्ली तर काय होईल, याचा विचार करा.

माझ्या घरातच हे झालं. निपाणीच्या माझ्या मावशीने २०२० च्या साथीत ५० मिलिग्रॅमची झिंकची गोळी सुरू केली. तेव्हा सगळेच घेत होते. साथ गेली, गोळी राहिली. दोन वर्षांहून जास्त काळ ती रोज घेत होती, आणि बऱ्याचशा स्ट्रिप्स माझ्याच दुकानातून गेल्या होत्या. मी एकदाही विचारलं नाही. पुढे तिचं हिमोग्लोबिन उतरलं, लोहाच्या गोळ्यांनी चढेना. तळपाय बधिर झाले. मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली: न्हाणीत तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तिचा तोल जायचा, भिंतीला हात लावावा लागायचा. सगळ्यांना बी-१२ ची कमतरता वाटली, पण बी-१२ चांगलं निघालं. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञाने सगळ्या गोळ्या दाखवायला सांगितल्या. रक्तातलं तांबं तपासलं तर फारच खाली. झिंक बंद केलं, तांबं सुरू केलं. रक्त दोन-तीन महिन्यांत सुधारलं. पायांचा बधिरपणा मात्र निम्माच गेला, तेवढा अजून आहे. तांब्याअभावी मज्जारज्जूला बसलेला मार पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही.

हे एकटीच्या नशिबात आलेलं नाही. अमेरिकेत २००८ साली डॉक्टरांनी असेच रुग्ण नोंदवले. त्यांच्याकडे जस्त गोळीतून गेलं नव्हतं, कवळी चिकटवायच्या क्रीममधून गेलं होतं. ही माणसं ती क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट लावत होती.

पहिली पायरी: आपल्या ताटाचा हिशोब

गोळीचा विचार करण्याआधी एक दिवसाचं जेवण कागदावर लिहा. आपल्याकडचं साधं ताट घेऊ: जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, थोडा भात-आमटी, दोन मोठे चमचे शेंगाची चटणी, दिवसभरात कपभर दूध, वर चमचाभर तीळ. साधारण धरलं तर भाकऱ्यांतून जस्त दोन-अडीच मिलिग्रॅम, उसळ आणि आमटी मिळून दोन, शेंगाच्या चटणीतून एक, भातातून एक, दूध आणि तिळातून दीड-पावणेदोन. बेरीज साडेसात ते सव्वाआठ मिलिग्रॅम.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, २०२० साली ठरवलेल्या प्रमाणात पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम, बाईला १३.२ मिलिग्रॅम आणि गरोदर बाईला १४.५ मिलिग्रॅम जस्त लागतं. अमेरिकेतला आकडा पुरुषाला ११ आणि बाईला ८ आहे. आपला आकडा मोठा का? आपण धान्य-कडधान्य जास्त खातो. त्यांत फायटेट नावाचं द्रव्य असतं आणि ते जस्ताला आतड्यातच बांधून ठेवतं. ताटातलं जस्त आठच्या आसपास असलं तरी अंगी लागतं त्याहून बरंच कमी.

आता तांबं बघा. त्याच ताटातून सुमारे दीड मिलिग्रॅम तांबं मिळतं. अमेरिकेच्या तक्त्यात मोठ्या माणसाची गरज ०.९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे भाकरी, कडधान्य आणि शेंगा खाणाऱ्या घरात तांबं सहसा कमी पडत नाही. काजू तर तांब्याने भरलेले असतात: १०० ग्रॅममागे दोन मिलिग्रॅमच्या वर. खानापूर-चंदगड पट्ट्यात ज्यांच्या दारातच काजू आहे, त्यांनी तांब्याची काळजीच करू नये. काजूत जस्तही चांगलं असतं, १०० ग्रॅमला साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. मूठभर काजूने दोन्ही कामं होतात.

यातून एवढं कळतं की आपल्या जेवणात तांबं पुरतं आणि जस्त थोडकं पडतं. ज्या घरात भाकरी सुटली आणि पांढरा भात, बिस्किटं, चहा-टोस्ट यांवर दिवस निघतो, तिथे दोन्ही खाली जातात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मला याचीच जास्त भीती वाटते.

दुसरी पायरी: भिजवा, मोड आणा, आंबवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि पैसाही लागत नाही.

माणसाला जस्त कमी पडू शकतं हे जगाला कळलं तेच मुळी रोटीवरून. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये काम करत होते. तिथे त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, दिसायला मात्र दहा वर्षांचा. त्याच्या जेवणात न आंबवलेली गव्हाची रोटीच मुख्य होती, आणि तो मातीही खात असे. १९६१ साली प्रसादांनी त्याबद्दल लिहिलं आणि पुढे इजिप्तमधल्या अभ्यासातून जस्ताची कमतरता सिद्ध केली. रोटीत जस्त होतं, पण फायटेटने ते सुटू दिलं नाही.

फायटेट मोडायचा उपाय आपल्या आज्यांच्या हाताशी होता. कडधान्य रात्रभर भिजवलं, पाणी ओतून दिलं आणि मोड आणले, की दाण्यातलंच एक पाचकद्रव्य जागं होऊन फायटेट तोडायला लागतं. आंबवल्यावर हे काम आणखी चांगलं होतं. म्हणून मटकी-हुलगे मोड आणूनच खा. हुलग्याचं माडगं करायचं असेल तर हुलगे भिजवून, मोड आणून, वाळवून मग दळा. इडली-डोशाचं पीठ नीट फुगू द्या. सोडा घालून लगेच केलेल्या इडलीत हा फायदा मिळत नाही.

उन्हाळ्यातली नाचण्याची आंबील तर यासाठीच केल्यासारखी आहे. अर्धी वाटी नाचण्याचं पीठ रात्री दोन वाट्या पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी वर बारीक बुडबुडे दिसतील आणि आंबूस वास येईल. मग आणखी पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवा, चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरं घाला. पीठ भिजवायचं ते मातीच्या, चिनीमातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. पितळेच्या भांड्यात का नको, ते पुढे येतंच.

मांसाहारी घरांना हे सगळं सोपं जातं. मटणात १०० ग्रॅममागे चारेक मिलिग्रॅम जस्त असतं, आणि ते फायटेटच्या कचाट्यात नसल्यामुळे चांगलं लागू पडतं. शिवाय त्याच ताटातल्या भाकरीतलं जस्तही त्याच्यामुळे जास्त शोषलं जातं. खेकडे चांगले. कारवारकडच्यांना कालवं मिळतात, आणि जस्ताच्या बाबतीत कालवांच्या जवळपासही दुसरं अन्न नाही. काळीज तांब्याचं कोठार आहे, महिन्यातून एक-दोनदा पुरे. गरोदर बायांनी काळीज टाळावं, त्यात अ जीवनसत्त्वही फार असतं.

शाकाहारी असाल तर तीळ, कारळं, शेंगा, काजू, भोपळ्याच्या बिया आणि दूध-दही. जेवताना एक चमचा कारळ्याची चटणी आणि एक चमचा तिळाची, एवढं रोज असू द्या.

तिसरी पायरी: भांडी

पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. ढोबळमानाने दोन वाटे तांबं, एक वाटा जस्त. आमच्या घरी आजीचं पितळेचं मोठं पातेलं होतं. दर काही महिन्यांनी कल्हईवाला गल्लीत यायचा. पातेलं निखाऱ्यावर तापवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर भसकन वर यायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने आतून गर्रकन फिरवायचा. पिवळं पातेलं बघता बघता चांदीसारखं व्हायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात कुणी चुकून ताक ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्याला हिरवट झाक आणि तोंड वेडंवाकडं करणारी चव यायची. "कळकलं, ओतून टाका," आजी म्हणायची. ते कळकणं म्हणजे आंबट पदार्थात विरघळलेलं तांबंच.

आता पितळ-तांब्याची भांडी पुन्हा घरोघरी येत आहेत, पण कल्हईवाला येत नाही. म्हणून नियम असे: आतून कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, दही, चिंच, आमसूल, लिंबू, टोमॅटो काहीही ठेवू नये आणि शिजवूही नये. तळाशी गुलाबी-पिवळे डाग दिसायला लागले की कल्हई गेली म्हणून समजा. कल्हई करून घेताना शुद्ध कथील आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारून घ्या.

तान्ह्या बाळाचं वरचं दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात कधीही तापवू नका, साठवू नका. हे मी हात जोडून सांगतो. एके काळी आपल्याकडे लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार होता, 'इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस' या नावाने तो ओळखला जातो. पुण्याच्या डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकात त्याचा माग काढला, तेव्हा अशा मुलांना लहानपणीच पितळेच्या भांड्यातलं वरचं दूध मिळालेलं होतं असं दिसलं. स्टीलची भांडी आली आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. बाळाचं यकृत तांबं बाहेर टाकण्याएवढं तयार झालेलं नसतं.

तांब्याच्या कळशीतल्या पाण्याबद्दल सगळेच विचारतात. साधं पाणी रात्रभर ठेवून सकाळी प्यायला मोठ्या माणसाला हरकत नाही. बंगळूरच्या एका अभ्यासात सोळा तास ठेवलेल्या पाण्यात लिटरमागे ०.१८ मिलिग्रॅमच्या आसपास तांबं उतरलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. मात्र त्या बाटलीत लिंबू पिळून ऑफिसला नेऊ नका.

चौथी पायरी: गोळी घ्यायचीच असेल तर

स्ट्रिप उलटी करा आणि 'एलिमेंटल झिंक' किती ते शोधा. ५५ मिलिग्रॅम झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये खरं जस्त २० मिलिग्रॅमच असतं. झिंक ग्लुकोनेट ५० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर जस्त फक्त सातच्या आसपास. हिशोब नेहमी खऱ्या जस्ताचा करायचा.

मग घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात मांडा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये जस्त असतं, केसांच्या गोळीत असतं, काही कॅल्शियमच्या गोळ्यांत असतं, बी-कॉम्प्लेक्सच्या काही कॅप्सूलमध्येही असतं. तीन ठिकाणचं मिळून पन्नास कधी ओलांडतं ते कळतच नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञांनी मोठ्या माणसासाठी जेवण धरून रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम ठेवली आहे, युरोपने २५. रोज ५० मिलिग्रॅमची गोळी दहा आठवडे घेतलेल्यांत तांब्याची स्थिती खालावल्याचं दिसलेलं आहे, त्यावरूनच अमेरिकेची ही मर्यादा आली. डॉक्टरांनी सांगितलेलं नसेल तर मी गिऱ्हाइकाला दहा-पंधरा मिलिग्रॅमच्या वर देत नाही, आणि तेही दोन-तीन महिन्यांपुरतं. स्ट्रिपवर पेनाने थांबायची तारीख लिहून देतो. तुम्हीही लिहा.

रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळलं तर जेवणानंतर घ्या. लोहाची गोळी आणि झिंक एकाच वेळी नको, एक सकाळी, एक रात्री. काही अँटिबायोटिक, म्हणजे डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी, झिंकच्या निदान दोन तास आधी घ्या. झिंक आधी घेतलं असेल तर चार-सहा तास जाऊ द्या. थायरॉइडच्या गोळीपासूनही झिंक चार तास लांब ठेवा.

"मग जोडीला तांब्याची गोळी पण घेऊ का?" असं काही जण विचारतात. स्वतःच्या मनाने घेऊ नका. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारात ८० मिलिग्रॅम झिंकच्या गोळ्या देतात. त्यांच्यात २ मिलिग्रॅम तांबं मुद्दाम घातलेलं असतं, तांबं घटून रक्त कमी होऊ नये म्हणून. पण तो डॉक्टरचा निर्णय असतो. घरात कुणाला विल्सनचा आजार असेल, किंवा तरुण वयात यकृत बिघडणं, हात थरथरणं असं काही झालेलं असेल, तर तांब्याची गोळी विषासारखी ठरू शकते.

एका ठिकाणी मात्र गोळी अर्ध्यावर सोडायची नाही. लहान मुलाला जुलाब झाले की ओआरएसबरोबर झिंक देतात: सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. खेड्यातल्या आशाताई कानडी बोलणाऱ्या असतील तर त्या 'सतु' म्हणतील. सतु म्हणजे आपलं जस्त. गोंधळून गोळ्या फडताळात ठेवून देऊ नका. इतक्या थोड्या दिवसांत तांब्याला धक्का लागत नाही.

पाचवी पायरी: तपासणी, गरज असेल तर

ताट सुधारलं, गोळी मर्यादेत आहे, तब्येत बरी आहे, तर तपासणीची गरज नाही. ती कुणी करावी? महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतलेल्यांनी, वजन कमी करायला पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी, लोह देऊनही रक्त वाढत नाही किंवा पांढऱ्या पेशी कमी येतात अशांनी, आणि पाय बधिर होऊन तोल जायला लागलेल्यांनी. शेवटच्यांनी तर वाट बघू नये.

रक्त सकाळी उपाशीपोटी द्या, जेवल्यावर जस्त खाली दिसतं. ताप, सर्दी, कुठलीही सूज असताना देऊ नका. तेव्हा शरीर जस्त रक्तातून आत ओढून घेतं आणि तांबं वर जातं, त्यामुळे नसलेला बिघाड दिसतो. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेतानाही तांबं जास्त येतं, ते आजाराचं लक्षण धरू नये. तांब्याबरोबर सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन, तपासलं तर डॉक्टरांना जास्त नीट कळतं. आजकाल तांब्याला जस्ताने भागून एक आकडा काढतात आणि त्यावर महागडी औषधं विकतात. केसांची तपासणी करूनही असेच उपाय सांगतात. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी त्यात हजारो रुपये घातले, तब्येतीत काडीचा फरक पडला नाही. तो पैसा शेंगा, काजू आणि अंड्यांना लावावा.

डॉक्टरकडे जाताना रिपोर्टबरोबर घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, पावडरचे डबे, काढ्याच्या बाटल्या, कवळीची क्रीमसुद्धा एका पिशवीत भरून न्या. आपल्या भागात पुष्कळदा डॉक्टर कानडी, पेशंट मराठी आणि नर्स मल्याळी अशी गत असते. काय घेतलं, कधीपासून, हे सांगताना निम्मं राहून जातं. पिशवी टेबलावर ओतली की डॉक्टर स्वतःच एकेक स्ट्रिप उलटून बेरीज करतात.